ट्रकच्या इंजिनातील टकटक : इंजिन उघडण्याआधी आवाजाचा माग काढा

डिझेल ट्रकच्या पुढच्या भागातून 'टिक-टिक' किंवा 'टक-टक' असा नवा आवाज येऊ लागला की मालकापुढे दोन वाटा असतात. ड्रायव्हर "चलता है, सेठ" म्हणतो म्हणून गाडी तशीच पळवत राहायची, ही एक. गाडी गॅरेजला लावायची आणि मिस्त्री जे म्हणेल ते मान्य करायचे, ही दुसरी. पहिल्या वाटेने एखाद्या दिवशी भर रस्त्यात इंजिन बसते. दुसऱ्या वाटेने पुष्कळदा चांगले इंजिन उघडले जाते, बिल होते, आणि मूळ दोष बाजूला तसाच राहतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील कापडाच्या धंद्यातील अनेक बांधवांच्या स्वतःच्या एक-दोन गाड्या असतात. सूत आणायचे, कोरे कापड प्रोसेसला पोहोचवायचे, तयार ताके पार्टीकडे टाकायचे. गाडी चार दिवस उभी राहिली तर भाड्याची गाडी, दुप्पट हमाली आणि पार्टीची नाराजी असा तिहेरी भुर्दंड बसतो. म्हणून आवाज कुठून येतो हे शोधण्याची रीत मालकालाही ठाऊक असलेली बरी. त्यासाठी पाना हातात धरता आलाच पाहिजे असे नाही. कान आणि थोडा सब्र असला तरी निम्मे काम होते.

डिझेल इंजिन मुळातच बोलके असते. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडून इंधन पेटते. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा साधारण सोळा ते बावीस पट दाबली जाते आणि इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप भडकते. हा भडका एकदम होत असल्याने ठोका ऐकू येतो. सकाळी थंड इंजिनात तो कडक असतो, इंजिन तापले की मऊ होतो. कॉमन रेल पद्धतीच्या गाड्यांत नोझल विजेच्या इशाऱ्यावर उघडतात-मिटतात, त्यांचीही बारीक टिकटिक असते. यांपैकी काहीच दोष नव्हे. शोधायचा तो आवाज, जो कालपर्यंत नव्हता. पण कालचा आवाज आठवणार कसा? त्याला एक सोपा उपाय आहे. गाडी सर्व्हिसिंग होऊन चांगली चालत असताना इंजिनाजवळ मोबाईल धरून अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करून ठेवावा. पुढे शंका आली तर त्याच जागी, तितक्याच तापलेल्या इंजिनावर पुन्हा रेकॉर्ड करून दोन्ही ऐकावेत.

यंत्रमागाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना पुढची गोष्ट लगेच समजेल. साध्या मागाला दोन मुख्य शाफ्ट असतात. वरच्या क्रँक शाफ्टच्या एका फेऱ्यात फणी एकदा ठोकते, म्हणजे एक पिक पडतो. खालचा बॉटम शाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यावरच्या टॅपेटमुळे ताण्याचे धागे वर-खाली होतात आणि धोटा एका पिकाला डावीकडून, पुढच्या पिकाला उजवीकडून मारला जातो. म्हणूनच जुना जॉबर कारखान्यात शिरताच खटका ऐकून बोलतो. खटका प्रत्येक पिकाला येत असेल तर वरच्या शाफ्टकडे बघा, एक पिक सोडून येत असेल तर खालच्या शाफ्टकडे किंवा एका बाजूच्या माराकडे बघा.

ट्रकच्या चार-स्ट्रोक इंजिनाचा हिसाब नेमका असाच आहे. क्रँक शाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅम शाफ्टचा एक फेरा होतो. प्रत्येक सिलिंडरचा भडका, प्रत्येक व्हॉल्व्हची उघडझाप आणि प्रत्येक नोझलची फवारणी दोन फेऱ्यांत एकदाच होते. टॅपेट हे नावसुद्धा दोन्हीकडे एकच. समजा इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर रेस न देता चालू आहे. म्हणजे सेकंदाला १० फेरे. एका व्हॉल्व्हचा किंवा एका नोझलचा आवाज असेल तर तो सेकंदाला ५ वेळा येईल. क्रँकला थेट जोडलेली पुली किंवा फ्लायव्हील वाजत असेल तर सेकंदाला १० वेळा. दहा ठोके कानाने मोजता येत नाहीत, पण मोबाईलवरील रेकॉर्डिंग चौथ्या हिश्शाच्या वेगाने वाजवले तर सहज मोजता येतात. पाचाचे सव्वा होतात आणि दहाचे अडीच.

मात्र एवढ्या मोजणीवर निकाल देऊ नये. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग क्रँकवरच बसलेले असले तरी त्याला मोठा धक्का भडक्याच्या वेळी बसतो, त्यामुळे त्याचा ठोका दोन फेऱ्यांत एकदाही ऐकू येऊ शकतो. मोजणीने दिशा कळते. पुढचे काम इतर खुणा करतात.

गाडी उभी असताना काय तपासावे

सगळ्यात आधी ऑईल. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढून पाहावी. ऑईल कमी असेल किंवा डिझेल मिसळून पातळ झाले असेल तर वरच्या भागाला ते नीट पोहोचत नाही आणि टॅपेट वाजू लागतात. ही तपासणी फुकटची आहे, आणि तरीही ती शेवटी केली जाते.

मग क्लच. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, क्लचचा पेडल पूर्ण दाबा. आवाज थांबला तर तो गिअरबॉक्सच्या बाजूचा आहे, कारण क्लच दाबल्यावर गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट फिरायचा थांबतो. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंगचा संशय घ्यावा. फरकच पडला नाही तर आवाज इंजिनाचा किंवा त्याला जोडलेल्या वस्तूंचा. दोन सेकंदांची ही परीक्षा अर्धी गाडी संशयातून मोकळी करते.

त्यानंतर फॅन बेल्ट. बेल्टची कड फाटून तिचा दोरा लोंबत असेल तर प्रत्येक फेऱ्याला तो कव्हरला आपटतो आणि अगदी टॅपेटसारखा टिक-टिक आवाज देतो. पंख्याचे पाते काउलिंगला घासत असेल तरीही असेच होते. संशय असल्यास इंजिन बंद करून बेल्ट उतरवावा व थंड इंजिन अर्धा मिनिट चालवून ऐकावे. जास्त वेळ नको, कारण बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असतो.

जागा नक्की करण्यासाठी गॅरेजमधील उस्ताद लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा सळई वापरतात. टोक इंजिनाच्या एकेका भागावर टेकवायचे, मूठ कानापुढच्या हाडाला लावायची आणि दुसरा कान बोटाने बंद करायचा. टॅपेट कव्हरवर, पंपावर, कॉम्प्रेसरवर, आल्टरनेटरवर, खाली चेंबरवर. जिथे आवाज कानात टोचतो ती जागा. हे करताना कुर्त्याची बाही वर सारलेली असावी आणि गळ्यातला रुमाल काढून ठेवलेला असावा. पंखा आणि बेल्ट कोणाची भीड ठेवत नाहीत. केबिन पुढे कलंडणारी असेल तर तिचा आधार व लॉक नीट बसले आहे हे पाहिल्याशिवाय खाली डोके घालू नये.

सळईची एक मर्यादा आहे. ती लोखंडातून येणारा आवाज सांगते, हवेतून फुटणारा सांगत नाही. त्यासाठी एक-दीड मीटर रबरी नळी घ्यावी, एक टोक कानाशी धरावे व दुसरे टोक सांध्यांजवळून फिरवावे, कुठेही न टेकवता. गॅसची गळती असेल तिथे फुसफुस एकदम मोठी होते.

एक्झॉस्टचा चकवा

ज्या आवाजामुळे सर्वांत जास्त इंजिने विनाकारण उघडली जात असतील, तो माझ्या मते एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गळतीचा. मॅनिफोल्डचा गॅस्केट जळाला किंवा एखादा स्टड तुटला की त्या सिलिंडरचा जळालेला गॅस फटीतून झटक्याने बाहेर फुटतो. दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे बरोबर टॅपेटच्या चालीवर. ऐकणाऱ्याला तो धातूवर धातू आपटल्यासारखा वाटतो. त्याची खूण अशी की इंजिन थंड असताना तो मोठा असतो, आणि इंजिन तापले की लोखंड फुगून फट मिटते व आवाज कमी होतो किंवा नाहीसा होतो. रेस दिल्यावर किंवा लोडवर परत येतो.

आमच्याकडील एका गाडीचे असेच झाले होते. रोज पहाटे माल भरून निघताना टक-टक, आणि दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर शांत. एका गॅरेजने पिस्टन ढिला झाला आहे, इंजिन उघडावे लागेल असे सांगितले. थंडपणी वाजून गरम झाल्यावर थांबणे ही पिस्टनचीही खूण असते, त्यामुळे त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. पण ऑईल खाणे नव्हते, निळा धूर नव्हता, घाटात ओढ कमी झाली नव्हती. मी एका वयस्कर उस्तादांना गाडी दाखवली. त्यांनी ती रात्रभर उभी ठेवायला लावली आणि सकाळी सुरू करण्याआधी टॉर्च घेऊन मॅनिफोल्डची खालची कड पाहिली. तिसऱ्या सिलिंडरजवळ काजळीचा काळा पंखा उमटलेला होता. तिथला एक स्टड मुळापासून तुटला होता. गाडी सुरू केल्यावर त्यांनी तारेला बांधलेली कापडाची चिंधी तिथे धरली, ती प्रत्येक टक बरोबर फडफडली. तुटलेला स्टड काढायला निम्मा दिवस गेला आणि गॅस्केट काही शे रुपयांत आले. इंजिन उघडले असते तर हिसाब हजारांच्या पटीत गेला असता, आणि काम झाल्यावर मॅनिफोल्डला नवा गॅस्केट बसलाच असता, म्हणजे आवाजही गेला असता! पिस्टनचाच दोष होता असे आम्ही मानून चाललो असतो.

अशीच गळती नोझलच्या खालच्या तांब्याच्या वॉशरमधूनही होते. तिथे नोझलच्या भोवती डांबरासारखा काळा, चिकट थर जमतो आणि 'छक-छक' असा आवाज येतो. थंड इंजिनावर नोझलच्या भोवती थोडे साबणाचे पाणी टाकले की बुडबुडे दिसतात. वॉशर स्वस्त आहे, पण बसण्याची जागा नीट साफ न करता नवा टाकला तर महिन्याभरात पुन्हा तेच. शिवाय गळती तशीच राहू दिली तर गॅस ती जागा खात जातो आणि मग हेडचे काम निघते.

टॅपेट : न वाजणाराही तपासावा

व्हॉल्व्हच्या दांडीवर आणि रॉकरमध्ये मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर दांडी लांब होते. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो म्हणून पुष्कळ इंजिनांत त्याची फट जास्त असते. झिजेने ही फट वाढली की टॅपेट वाजतो. हा आवाज टॅपेट कव्हरवर सळई ठेवल्यावर स्पष्ट येतो, हलका असतो आणि लोडने फारसा बदलत नाही.

काही कारागीर आवाज बंद करण्यासाठी फट अंदाजाने आवळतात. गाडी शांत होते, मालक खूष होतो. परंतु फट उरली नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, पेटलेला गॅस त्याच्या कडेवरून जात राहतो आणि व्हॉल्व्ह जळतो. थोडा वाजणारा टॅपेट परवडतो, जास्त आवळलेला परवडत नाही. म्हणून फट नेहमी फिलर गेजनेच, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला, आणि थंड की गरम जसे लिहिले असेल तसे ठेवून करून घ्यावी. माप प्रत्येक इंजिनाचे वेगळे असते, शेजारच्या गाडीचे आपल्याला चालत नाही.

बसून पाहण्यासारखे काम आहे. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत भडक्याचा क्रम १-३-४-२ असतो. चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट मिटत असतो व इनलेट उघडू लागतो, त्या क्षणी पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. तेव्हा पहिल्याची फट लावायची. तसेच पहिल्यावरून चौथ्याची, दुसऱ्यावरून तिसऱ्याची आणि तिसऱ्यावरून दुसऱ्याची. कारागीर इंजिन न फिरवता आठही टॅपेट एकाच दमात आवळू लागला तर त्याला थांबवावे.

नोझलची जुनी परीक्षा आणि नवा धोका

जुन्या गाड्यांत पंपापासून प्रत्येक नोझलला स्वतंत्र पाईप थेट जातो. अशा इंजिनावर मिस्त्री एकेका नोझलचा नट थोडा ढिला करून तो सिलिंडर बंद पाडतात. ज्याचा नट ढिला केल्यावर ठोका कमी होतो, त्या सिलिंडरमध्ये दोष. परीक्षा चांगली आहे, मात्र नटावर जाड कापड ठेवूनच आणि हात समोर न धरता.

कॉमन रेल इंजिनावर ही परीक्षा कदापि करू नये, करू देऊ नये. पंपाकडून डिझेल एका जाड आडव्या नळीत येते आणि तिथून सर्व नोझलना वाटले जाते, असे दिसले की ते कॉमन रेल समजावे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाल्यानंतरच्या ट्रकमध्ये तर हेच गृहीत धरावे. त्यात डिझेलचा दाब १००० बारच्याही वर जातो. केसासारखी बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून मांसात शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे कोणाला झाले तर मलमपट्टीवर न थांबता त्याला तत्काळ मोठ्या इस्पितळात न्यावे आणि डिझेल दाबाने आत शिरले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गॅरेजमध्ये शिकाऊ पोरे जुन्या उस्तादांचे पाहून हात घालतात. त्यांना हे आधी सांगणे मालकाचे आणि उस्तादाचे काम आहे. अशा गाडीत नोझलची तपासणी स्कॅनर लावूनच होते.

याच नव्या गाड्यांचा एक निरुपद्रवी आवाजही सांगून ठेवतो. यूरियाची, म्हणजे डीईएफची, टाकी असलेल्या गाडीत चावी बंद केल्यावरही एक-दोन मिनिटे पंपाची घरघर, टिकटिक चालते. नळ्यांतील यूरिया मागे ओढला जात असतो. तो आवाज थांबेपर्यंत बॅटरीचा मुख्य स्विच तोडू नये. आणि कोणत्याही गाडीचा सायलेन्सर बंद केल्यावर थंड होताना टिकटिक करतोच.

फक्त चालताना येणारा आवाज

उभ्या गाडीत आवाज नाही आणि चालताना आहे, तर रेसकडे न पाहता रस्त्यावरील वेगाकडे पाहावे. वेग आला की गाडी न्यूट्रल करून घ्यावी, मात्र हे मोकळ्या सपाट रस्त्यावर, उतारावर कधीच नाही. इंजिन मंद झाले तरी आवाज त्याच चालीने राहिला तर तो चाकाचा किंवा प्रोपेलर शाफ्टचा. ७.५०-१६ मापाच्या टायरचा घेर साधारण अडीच मीटर असतो. ताशी २० किलोमीटरवर चाक सेकंदाला दोन वेळांहून थोडे अधिक फिरते. टिकटिक तितकीच असेल तर चाक पाहावे. शाफ्ट त्याच्या चार-पाच पट किंवा अधिक वेगाने फिरतो, त्याची टिकटिक दाट असते आणि गाडी उचलताना जॉइंटचा क्रॉस 'टक' करतो.

चाकात बहुधा खाचेत अडकलेला खडा निघतो. मागच्या जोडटायरमध्ये दगड अडकला असेल तर तो तिथेच थांबून काढावा, कारण तो टायरची बाजू कापतो आणि वेगात मागच्या वाहनावर उडतो. पण खडा दिसला म्हणून समाधान मानू नये, नट पाहावेत. नटापासून बाहेर गंजाची लाल रेघ गेलेली असेल किंवा भोक लांबट झाले असेल तर चाक ढिले आहे. भरलेली गाडी घेऊन कसारा घाट उतरताना हे कळणे फार उशिराचे.

जिथे थांबायलाच हवे

आतापर्यंतचे सर्व आवाज हलके होते. जड, खोल 'ठक-ठक', जो खालच्या चेंबरवर सळई ठेवल्यावर मोठा येतो, चढावर वाढतो, गाडी गरम झाल्यावर कमी होण्याऐवजी जास्त होतो आणि ज्याच्यासोबत ऑईलच्या दाबाचा काटा खाली येतो किंवा लाल दिवा लागतो, तो बेअरिंगचा. रेस देऊन एकदम सोडल्यावर खडखड झाली तर शंका आणखी पक्की. इथे नाशिकपर्यंत नेऊन पाहू असे म्हणू नये. इंजिन बंद करावे, माल दुसऱ्या गाडीत घ्यावा, ही गाडी ओढून न्यावी. बेअरिंग बदलणे आणि क्रँक तुटून ब्लॉक फुटणे यांत अनेकदा अर्ध्या तासाचे अंतर असते.

गॅरेजमध्ये गेल्यावर "आवाज येतो, बघा" एवढेच सांगू नये. थंड असताना की गरम, उभी असताना की चालताना, चढावर की रेस सोडल्यावर, क्लच दाबल्यावर काय होते, ऑईल किती उतरले, हे एका कागदावर लिहून द्यावे. ड्रायव्हरला सोबत न्यावे, कारण आवाज त्याने तुमच्यापेक्षा जास्त ऐकलेला असतो. शोधण्याची मजुरी वेगळी मागितली तर ती खुशीने द्यावी. जो कारागीर दोन तास ऐकून "इंजिन उघडायची गरज नाही" म्हणतो, त्याला काहीच न देता उठणे आपल्या बाजारात फार चालते, आणि मग तोही पुढच्या वेळी इंजिन उघडायलाच सांगतो. इंजिन उघडावेच लागले तर कोणत्या खुणेवरून, हे आधी विचारावे आणि निघालेले जुने भाग परत मागावेत.

काम झाल्यावर गॅरेजच्या दारात ऐकून गाडी ताब्यात घेऊ नये, कारण तिथे ती गरम असते. रात्रभर उभी ठेवून पहाटे थंड असताना ऐकावे, मग माल भरून एक चढ घ्यावा. मॅनिफोल्डचा गॅस्केट बदलला असेल तर पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर त्याचे नट ढिले पडले नाहीत ना, हे पाहून ठरलेल्या मापाला पुन्हा ताणून घ्यावेत.